जलवीराचा कोरडा भांग

या गोष्टीचा नायक नातू आहे. आडनावाने नव्हे, नात्याने. वय सत्तावन्न, डोक्यावर मोजके केस, जिना चढताना बोलणारे गुडघे. एवढ्या बाप्याला नातू म्हणणं बरं दिसत नाही, कबूल. पण या प्रकरणात त्याने जे केलं ते आजोबांचा नातू म्हणून केलं आणि जे निस्तरलं तेही नातू म्हणूनच. तेव्हा दुसरं काही नाव देऊन त्याची सुटका करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नातू वीज कंपनीच्या तक्रार विभागात वरिष्ठ सहायक होता. काचेच्या आतल्या बाजूला बसून बाहेरच्या माणसाला ‘आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे’ हे एकच वाक्य त्याने चौतीस वर्षं इतक्या निरनिराळ्या सुरांत ऐकवलं होतं, की त्यावर आता त्याचा स्वतःचाही विश्वास बसला होता. घरी बायको, आत्या आणि तो, अशी तीन माणसं. आत्या म्हणजे आजोबांची धाकटी लेक. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत, बोलणं मोजकं. घरात तिच्या मालकीच्या दोनच वस्तू होत्या: खिडकीजवळची खुर्ची आणि आजोबांची पत्र्याची ट्रंक.

प्रकरण सुरू झालं कॉलनीच्या सभेत. कॉलनीच्या मागे पोहण्याचा तलाव बांधून तयार होता, फक्त पाणी सोडायचं आणि नाव द्यायचं राहिलं होतं. सभेचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. लोकांची तोंडं उघडी ठेवण्याची त्यांना सवय होती, पण बोलू देण्याची नव्हती. तरीही तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त जकात निरीक्षक उठलेच, आणि त्यांनी आपल्या काकांचं नाव सुचवलं. काकांनी तरुणपणी भर पुरात नदी ओलांडली होती, आणि पुढे तीस वर्षं गल्लीतल्या पोरांना फुकट पोहायला शिकवलं होतं. निरीक्षकांकडे वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रणही होतं. पाच मिनिटांत ठराव झाला असता, सगळे चहा पिऊन घरी गेले असते आणि आपल्यालाही दुसरी गोष्ट शोधावी लागली असती.

पण खाली बसता बसता निरीक्षक नातवाच्या दिशेने पाहून म्हणाले, “काही घराण्यांत माणसं काहीतरी करून जातात. काही घराण्यांत नुसती राहून जातात.”

आता हे नातवालाच उद्देशून होतं का, हे सांगता येत नाही. निरीक्षकांच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड, की ते नेमके कोणाकडे बघताहेत हे त्यांच्या बायकोलाही विचारून घ्यावं लागतं. पण स्कूटर कोणाची कुठे लावायची यावरून दोघांचं सहा वर्षं चाललेलं, आणि त्या दिवशी सकाळीही चाललेलं. नातवाच्या मानेवरची शीर तटतटली. तो उभा राहिला.

“माझे आजोबा महायुद्धात कमांडो होते,” नातू म्हणाला. सभा एकदम गप्प झाली. ती गप्प झालेली पाहून त्याला धीर आला. “गुप्त तुकडीत. पाण्यातल्या.”

‘पाण्यातल्या’ हा शब्द बाहेर पडेपर्यंत तो आत आहे, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

नातू अगदीच खोटं बोलला असं नाही. आजोबा कमांडो होते ही घरातली जुनी समजूत होती आणि तिला तीन पुरावे होते. पहिला पुरावा म्हणजे आजोबा युद्धाबद्दल चकार शब्द बोलत नसत. कोणी विषय काढला की उठून गॅलरीत जात आणि कपडे वाळत घालायच्या दोरीच्या गाठी तपासत. ‘त्यांना शपथ आहे’ असं घरातली मोठी माणसं दबक्या आवाजात सांगत. ती कोणी घातली हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. शपथेबद्दल विचारणं म्हणजे शपथ मोडणंच नाही का? दुसरा पुरावा ट्रंकेतला फोटो. एका धक्क्यावर सात तरुण अर्ध्या चड्ड्यांत उभे, मागे समुद्र. सहाजणांचे केस कपाळाला चिकटलेले, अंगावरून पाणी निथळतंय. सातवे आजोबा, खांद्यावर दोराचं वेटोळं आणि डोक्यावर व्यवस्थित पाडलेला भांग. तिसरा पुरावा म्हणजे तो दोर. जाड, तेलकट, एका टोकाला मोठा फास, आणि त्याची गाठ अशी की घराण्यातल्या तीन पिढ्यांनी नखं मोडून घेतली पण ती सुटली नाही.

अध्यक्षांनी कागद आणायला सांगितलं. महिन्याची मुदत दिली. निरीक्षक म्हणाले की कागद असला तर ते स्वतः काकांचं नाव मागे घेतील. उमदेपणाच होता तो. पण नातवाला त्यात आव्हान दिसलं. ज्याला भांडायचंच असतं त्याला उमदेपणाचीही कळ लागते.

घरी येऊन त्याने आत्याला सगळं सांगितलं. आत्याने खिडकीबाहेर पाहिलं.

“उकरू नकोस,” ती म्हणाली.

नातवाच्या अंगावर शहारे आले. बापाची शपथ लेक पाळतेय! त्याने बायकोला स्वयंपाकघरात नेऊन हे सांगितलं. बायको म्हणाली की आत्याबाईंना कदाचित खरंच उकरायला नको असेल. नातवाला वाईट वाटलं. इतिहासाची जाण सगळ्यांनाच असते असं नाही.

दुसऱ्या दिवसापासून कॉलनीने नातवाला सल्ले द्यायला सुरुवात केली. औषधांच्या दुकानवाल्याने सांगितलं की कमांडोंच्या टाचेवर खूण असते; नातवाने विचारलं, आजोबांना जाऊन छत्तीस वर्षं झाली, आता टाच कुठून आणू? दुकानवाला म्हणाला, मी माहिती दिली, पुढचं तुम्ही बघा. फोटोवाल्याने मूळ फोटोच मागून नेला आणि दोन दिवसांनी कळवलं की सहा नंबरचा माणूस त्याच्या सासऱ्यांसारखा दिसतो. विमा एजंटाने सगळं शांतपणे ऐकून नातवाचाच विमा उतरवला.

सैनिकी अभिलेख कार्यालयात नातू पहिल्यांदा काचेच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिला. जग तिथून निराळंच दिसतं. खिडकी क्रमांक चार. आत पन्नाशीच्या एक बाई, नाकाच्या टोकावर चष्मा, समोर एकोणीस रकान्यांचा अर्ज. पहिल्याच रकान्यात सैनिकाचा क्रमांक हवा होता. तो सेवामुक्तीच्या दाखल्यावर असतो, आणि त्या दाखल्याची नक्कल हवी असेल तर अर्जात क्रमांक भरावा लागतो. नातवाने मनातल्या मनात टोपी काढली. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतकं सुबक काही त्याच्याही हातून झालं नव्हतं.

“हयात आहेत का?” बाईंनी सातव्या रकान्याशी विचारलं.

“एकशे आठ वर्षांचे असते.”

“असते म्हणजे आहेत की नाहीत?”

“नाहीत.”

“मग दाखला लागेल. हयात असतील तर अर्ज त्यांनी स्वतः करायचा असतो.”

मृत्यूचा दाखला नगरपालिकेत. त्या वर्षीची वही बांधणीला गेलेली. बांधणारा आजारी. तो बरा झाला तेव्हा कळलं की वही बांधून झाली आहे, पण पानं उलटीसुलटी लागली आहेत, त्यामुळे आजोबा कागदोपत्री जन्माच्या आधी वारलेत. ते दुरुस्त करून घेतल्यावर चार नंबरच्या बाईंनी विचारलं की अर्जदार हा सैनिकाचा नातू आहे याला पुरावा काय? तसं दोन प्रतिष्ठित माणसांनी लिहून द्यायचं होतं, सहीशिक्क्यासह. एक शिक्का दातांच्या डॉक्टरांचा मिळाला. कॉलनीत दुसरा शिक्का होता फक्त निरीक्षकांकडे.

नातू तिसऱ्या मजल्यावर तीनदा गेला आणि दोनदा घंटी न वाजवता परत आला. तिसऱ्यांदा निरीक्षकांनीच दार उघडलं, कारण ते कचरा टाकायला निघाले होते. त्यांनी कागद वाचला. ‘सदर गृहस्थ हे आपल्या आजोबांचे नातू असल्याचे मी प्रमाणित करतो.’ शाईचं पॅड कोरडं पडलं होतं, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, आणि शिक्का असा ठसठशीत मारला की जणू सीमेवरून माल सोडताहेत.

“मिळू दे कागद,” ते म्हणाले. “काही असलं तर लोकांना कळलंच पाहिजे.”

महिन्याच्या शेवटी उत्तर आलं. तीन ओळींचं: ‘आपण नमूद केलेल्या जलकमांडो तुकडीच्या नामावलीत सदर व्यक्तीची कोणतीही नोंद आढळून येत नाही.’

नातवाने ते जिन्यातच फोडलं आणि तिथेच पायरीवर बसला. आता सभेला काय सांगायचं? पायरीवर बसलेला माणूस दिसला की कॉलनीत गर्दी होते. पत्र या हातातून त्या हातात गेलं. औषधांच्या दुकानवाल्याने ते दोनदा वाचलं, मग डोळे बारीक करून म्हणाला, “नोंद नाही? आजोबा होते ना? मग नोंद कुठे गेली?”

सगळे विचारात पडले.

“पुसली,” दुकानवाला म्हणाला.

वाचक हो, हसू नका. त्या जिन्यात तुम्ही असता तर तुम्हालाही पटलं असतं. साध्या शिपायाची नोंद असते, कारकुनाची असते, पळून गेलेल्याचीसुद्धा असते. ज्याची नोंदच नाही तो माणूस केवढा गुप्त असला पाहिजे! जिन्याच्या वरच्या टोकाला पोचेपर्यंत आजोबा नुसते कमांडो राहिले नव्हते. ते असे कमांडो होते की कमांडोंनाही त्यांचा पत्ता नव्हता. नातवाच्या मनात एक बारीक शंका कुरतडत होती. पण चारचौघांनी खांद्यावर हात ठेवले की शंका दबते. त्याने पत्राला प्लास्टिकचं आवरण घालून घेतलं. सभेत ते फिरलं, ठराव झाला, आणि निरीक्षकांनी काकांचं कात्रण घडी करून खिशात ठेवलं.

आत्याने एवढंच विचारलं, “तलावच का? वाचनालयाला नाव नसतं का देता आलं?”

“आत्या, ते पाण्यातले वीर होते.”

आत्या उठली आणि ट्रंकेतला दोर काढून गॅलरीत उन्हात टाकून आली. दर वर्षी एकदा ती हे करायची, मग तेलाचा हात फिरवून परत ठेवायची. आजोबांनी तिला तसं सांगून ठेवलं होतं.

पुढचं सगळं उतारावर सुटलेल्या गाड्यासारखं झालं. काळा दगड आला, त्यावर ‘जलवीर’ असं मोठं कोरून खाली आजोबांचं पूर्ण नाव. फोटोवाल्याने आजोबांना माणसाच्या उंचीएवढं मोठं केलं. दोर काचेच्या पेटीत ठेवायचा ठरला. पेटी लहान पडली म्हणून तो टेबलावर मांडला. निरीक्षक त्या मोठ्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले.

“बाकीचे सगळे भिजलेत,” ते म्हणाले. “हे कोरडे कसे?”

“ते आधी वर आले असतील,” नातू म्हणाला.

“आणि भांग?”

“शिस्त,” औषधांच्या दुकानवाल्याने परस्पर सांगून टाकलं.

मग अध्यक्षांच्या मनात आलं की उद्घाटनाला फीत कापणं जुनं झालं. तलाव आहे, तर पहिली उडी व्हावी, आणि ती जलवीरांच्या रक्ताच्या वारसाने मारावी. टाळ्या पडल्या. नातूही टाळ्या वाजवत होता. वारस म्हणजे कोण हे ध्यानात आल्यावर त्याचे हात हवेतच थांबले.

नातवाला पोहता येत नव्हतं. ही गोष्ट त्याने लपवली होती असं नाही. त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं. बादलीभर पाण्यापलीकडे त्याचा पाण्याशी संबंध आला नव्हता, आणि बादलीशीही तो अदबीने वागे. त्याने पोहण्याच्या मास्तरांना गुपचूप गाठलं. मास्तर धिप्पाड, मानेने बैलासारखे, स्वभावाने गायीसारखे. तलावात अजून पाणी नव्हतं. त्यामुळे नातू सोळा दिवस कोरड्या तलावाच्या तळाशी एका स्टुलावर पालथा पडून पोहला. हात पुढे, पाय मागे, श्वास डावीकडून. सोळाव्या दिवशी मास्तर म्हणाले, छान जमतंय. पाण्यातही असंच, फक्त ओलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी नातू आपल्या खिडकीत बसला होता. बाहेर तक्रारदारांची रांग. काचेपलीकडे ओळखीचा चष्मा दिसला. अभिलेख कार्यालयातल्या चार नंबरच्या बाई रांगेत उभं राहून आपला नंबर येईपर्यंत थांबल्या होत्या. नातवाने मोठेपणाच्या भरात त्यांना समारंभाचं निमंत्रण धाडलं होतं.

“तुमचं पत्रिकेतलं वाचलं आणि मला चैन पडेना,” त्या म्हणाल्या. “माणूस सैन्यात गेला आणि त्याची नोंदच नाही असं आमच्याकडे होत नाही. मी दुसऱ्या कपाटांत बघितलं. सापडले. मला वाटलं, तुम्हाला कार्यक्रमाआधी हवं असेल.”

त्यांनी फटीतून एक कागद आत सरकवला, सही घेतली आणि गेल्या. नातवाने रांगेला थांबायला सांगून कागद उघडला.

आजोबा जलकमांडोंच्या नामावलीत नव्हते, कारण ते भांडार विभागाच्या नामावलीत होते. बाकीचं कागदाच्याच शब्दांत सांगितलेलं बरं: ‘उमेदवारास पाण्यात उतरविले असता त्याने प्रशिक्षकाच्या मानेस दोन्ही हातांनी मिठी मारली. ती सोडविण्यास तीन इसमांची मदत घ्यावी लागली. सबब जलपथकासाठी अयोग्य. उमेदवाराने स्वेच्छेने पुन्हा चाचणी मागितली. दुसरी चाचणी: निकाल पूर्ववत. तिसरी चाचणी: निकाल पूर्ववत, प्रशिक्षक बदलण्यात आला.’ त्यानंतर आजोबांनी सव्वीस महिने त्या तुकडीच्या भांडारात दोर वळले, तपासले आणि गाठी मारल्या. सगळ्यात खाली एक रकाना होता. ‘गुप्ततेची शपथ: भांडार कर्मचाऱ्यांस मोहिमांची माहिती दिली जात नसल्याने लागू नाही.’

लागू नाही. म्हणजे आजोबा कधीही बोलू शकले असते. घरी आल्यापासून अगदी शेवटपर्यंत, कोणत्याही दिवशी. त्यांना कोणी गप्प बसवलं नव्हतं. त्यांना लाज वाटत होती.

रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्याने काचेवर टकटक केलं. “साहेब, आमच्याकडे तीन दिवस वीज नाही.”

“नोंद घेतली आहे,” नातू म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते वाक्य ऐकू आलं.

सरळ माणूस त्या संध्याकाळी अध्यक्षांकडे गेला असता. नातूही गेला. पण अध्यक्षांनी दार उघडताच हार कोणते आणले ते दाखवायला सुरुवात केली, आणि नातू सर्दी झालीय एवढंच बोलू शकला. अध्यक्षांनी त्याला आ करायला लावलं, एक दाढ बघितली आणि पाण्याने काही होत नाही म्हणून सांगितलं. खाली येताना निरीक्षक भेटले. त्यांनी आपली स्कूटर बाजूला घेतली होती, नातवाच्या पाहुण्यांना जागा व्हावी म्हणून. नातू त्यांना ‘थँक्यू’ म्हणाला आणि घरी जाऊन कोणाशी काही न बोलता जेवला. कागद घरात कोणाच्या हाती लागू नये म्हणून त्याने तो उद्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. एवढं गुप्त काम त्यांच्या घराण्यात प्रथमच होत होतं.

सकाळी तलाव निळाशार भरला होता. पहिल्या रांगेत आत्या, तिच्या शेजारी चार नंबरच्या बाई. नातू सदरा काढून आत्याच्या मांडीवर ठेवताना बाईंच्या नजरेला नजर देऊ शकला नाही. बाई काही बोलल्या नाहीत. अभिलेखातला मजकूर अर्जदाराशिवाय कोणाला सांगायचा नाही असा त्यांचा नियम होता, आणि त्या नियमाने वागत होत्या. एवढ्या लोकांत खरी शपथ पाळणारी ती एक बाई होती, असं नातवाला वाटलं. तेव्हा त्याला पुरतं माहीत नव्हतं.

तो फळीवर चढला. खाली, त्याच्याच विनंतीवरून, मास्तर पाण्यात उभे पोहत होते. अजूनही सांगता येईल, असं त्याच्या मनात आलं. माईक तिथेच आहे, चार पावलांवर. तेवढ्यात अध्यक्षांनी माईकवर ‘जलवीरांचे वारस’ म्हटलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की नातू आपोआप एक पाऊल पुढे सरकला. पुढे फळी संपली होती.

त्याने उडी मारली असं म्हणणं बरोबर नाही. तो फळीच्या टोकावर बसायला गेला आणि फळीने त्याला बसू दिलं नाही. स्टुलावरचे सोळा दिवस पाण्याने एका घोटात पिऊन टाकले. तो वर आला तेव्हा समोर जगात एकच वस्तू होती: मास्तरांची मान. नातवाने तिला दोन्ही हातांनी मिठी मारली.

मास्तर खाली गेले. नातू त्यांच्याबरोबर गेला. दोघे वर आले, परत खाली गेले. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. निरीक्षकांनी चष्मा काढला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला, आणि अंगातल्या सफारीसकट पाण्यात सूर मारला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण पाणी उडालं नाही इतका स्वच्छ सूर. काकांनी फुकट शिकवलेल्या पोरांतलं ते एक पोर होतं, हे तोवर कॉलनीत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“दोर टाका,” आत्या म्हणाली. आवाज वाढवला नाही. चार नंबरच्या बाईंनी टेबलावरचं वेटोळं उचललं आणि फेकलं. निरीक्षकांनी फास पकडून दोघांच्या काखेखालून घातला. काठावरून अध्यक्षांनी आणि फोटोवाल्याने ओढलं. दोन बाप्ये आणि एक जकात निरीक्षक एवढं ओझं त्या दोराला आलं. दोर करकरला, पण गाठ तसूभर हलली नाही. बाहेर आल्यावर नातवाचे हात मास्तरांच्या मानेवरून काढायला फोटोवाला, औषधांचा दुकानवाला आणि निरीक्षक असे तिघे लागले. तीन इसम. नातवाने ते मोजले.

निरीक्षकांनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. काही बोलले नाहीत. सहा वर्षं टोमणे मारणाऱ्या माणसाने नेमक्या त्या क्षणी एक टोमणा मारला असता तर नातू त्यांचा जन्मभर ऋणी राहिला असता.

तो उठला, आत्याच्या मांडीवरच्या सदऱ्यातून कागद काढला आणि ओलेत्याने माईकपाशी गेला.

“हा कागद मला काल दुपारी मिळाला,” तो म्हणाला. “काल दुपारीच.” आणि त्याने वाचला. मिठी, तीन इसम, पूर्ववत, पूर्ववत, भांडार, आणि शपथ लागू नाही, सगळं. दात वाजत होते, त्यामुळे ‘पूर्ववत’ला फार वेळ लागला. मग तो त्या माणसाएवढ्या फोटोकडे वळला. “म्हणून त्यांचा भांग कोरडा आहे,” तो म्हणाला आणि माईक कुठे ठेवायचा ते न कळून हातातच धरून उभा राहिला.

कोणी हसलं नाही. हे सर्वांत वाईट होतं.

घरी आत्या आपल्या खुर्चीत बसली. नातू तिच्या पायाशी, केसांतून अजून पाणी गळतंय.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“मी दहा वर्षांची होते. शाळेतल्या मुली पाण्यात उतरायच्या आणि मी काठावर रडायचे. तेव्हा त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, मलाही भीती वाटते, तीनदा उतरून बघितलं, नाही जमलं. कोणाला सांगू नकोस म्हणाले.” आत्याने त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला. “मी नाही सांगितलं.”

चौऱ्याहत्तर वर्षं! त्या घरात गुप्त तुकडी होती, आणि ती इतकी वर्षं खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली होती.

“मी सांगितलं नसतं तर दगडावर खोटं राहिलं असतं, आत्या.”

“दगडावर घालायला कोणी सांगितलं होतं?”

नातवाने टॉवेलने डोकं पुसायला सुरुवात केली. 

पुढच्या सभेला नातू शेवटच्या रांगेत बसला. तलावाला निरीक्षकांच्या काकांचं नाव द्यावं ही सूचना त्यानेच मांडली. टाळ्या पडल्या नाहीत, नुसते हात वर झाले. जुन्या दगडाचं काय करायचं असं अध्यक्षांनी विचारलं. फेकून द्या, असं कोणीतरी पुटपुटलं. तेव्हा निरीक्षक उठले.

“वरचा शब्द काढा आणि दगड उथळ बाजूला बसवा,” ते म्हणाले. “तिथे घाबरणारीच माणसं येतात. तीनदा उतरला तो माणूस. आमचे काका असते तर चौथ्यांदा उतरवला असता.”

गवंड्याने छिन्नीने ‘जलवीर’ उडवला. आता आजोबांच्या नावावर हातभर खडबडीत पट्टा आहे. नातू रोज सकाळी मागच्या फाटकाने येतो, म्हणजे काकांच्या नावाच्या मोठ्या पाटीसमोरून जावं लागत नाही, आणि उथळ बाजूला छातीभर पाण्यात दांडी धरून उभा राहतो. मास्तर शिकवतात, हाताच्या टप्प्याबाहेर उभे राहून. आत्या बाकावर, शेजारी दोराचं वेटोळं. चौथ्यांदा उतरला त्या दिवशी नातवाला वाटलं की घराण्यात प्रगती आहे. पण हे बोलून दाखवण्याचा धीर झाला नाही.

परवा कॉलनीत नवीन राहायला आलेलं एक जोडपं दगडापाशी थांबलं. नवऱ्याने त्या खडबडीत पट्ट्यावरून हात फिरवला.

“इथलं काहीतरी मुद्दाम पुसलेलं दिसतंय,” तो बायकोला हळू आवाजात म्हणाला. “गुप्त असणार काहीतरी. सैन्यातले असतील.”

नातवाने आत्याकडे पाहिलं. आत्या दुसरीकडे बघत होती. गप्प बसणं सोपं होतं. घराण्यात त्याची सवयही होती.

“गुप्त वगैरे काही नाही,” नातू पाण्यातून म्हणाला. “माझे आजोबा. त्यांना पोहता येत नव्हतं.”

नवऱ्याने त्याच्याकडे, मग दांडीवरच्या त्याच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. “आणि तुम्हाला?”

“मलाही नाही. आज अकरावा दिवस,” नातू म्हणाला, आणि त्याने दांडी सोडली.

म्हणजे, एका हाताने.